कुंकळ्ळीच्या सिंगल माल्टमध्ये गोव्याचं नेमकं काय?

गोव्यात जव पिकत नाहीत. पीट म्हणजे थंड दलदलीत शेकडो वर्षं कुजून तयार होणारी काळी माती, तीही इथे नाही. ज्या ओकच्या लाकडाची पिंपं लागतात तो ओक आपल्या रानात उगवत नाही. तरीही सासष्टीतल्या कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट ‘गोव्याची व्हिस्की’ म्हणून देशोदेशी विकली जाते. जव येतात उत्तर भारतातून, पीट स्कॉटलंडमधून, पिंपं अमेरिकेतून. ती बनवणारी जॉन डिस्टिलरीज ही कंपनी मूळची बंगळुरूची, आणि आता तिच्यात सॅझरॅक या अमेरिकी मद्यकंपनीचा मोठा हिस्सा आहे. १५८३ साली पोर्तुगिजांविरुद्ध उठलेलं गाव म्हणून ज्यांना कुंकळ्ळी माहीत आहे, त्यांना तर लेबलावरचं हे नाव पाहून गंमतच वाटेल.

फेणीच्या बाबतीत असा प्रश्न येत नाही. बोंडं समोरच्या डोंगरावरची, भट्टी गावातली, पिणारेही बहुतेक गावातलेच. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ‘ही गोव्याची कशावरून’ असं कुणी विचारलं नाही. व्हिस्कीबद्दल मात्र विचारायला हवं, कारण उत्तर वाटतं त्यापेक्षा रंजक आहे. माझ्या मते या बाटलीतला खरा गोवेकर घटक एकच: हवा. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ती हवा दरवर्षी पिंपातून किती लिटर उडवून नेते, हे मोजता येतं.

पण हवेकडे जाण्याआधी पिंपात काय भरतात ते पाहू.

आपल्याकडे परमिट रूममध्ये ‘व्हिस्की’ म्हणून जे मागवलं जातं, त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांचा पाया धान्य नसून मळी असते. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून उरलेला काळा पाक. तो आंबवून उंच स्तंभांमधून ऊर्ध्वपातन केलं की जवळजवळ बिनवासाचं, बिनचवीचं शुद्ध मद्यार्क मिळतं. त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंगासाठी कॅरॅमल आणि काही वेळा स्वाद मिसळले की झाली स्वस्तातली व्हिस्की. युरोपीय संघात मळीपासून बनलेल्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे धान्य आणि लाकडी पिंपातली किमान तीन वर्षं या अटी आहेत. जॉन डिस्टिलरीजचं ओरिजिनल चॉइस हे खपाऊ नाव याच स्वस्त बाजारातलं. त्याच कंपनीने सिंगल माल्ट काढली आणि २०१२ मध्ये ती आधी ब्रिटनमध्ये नेऊन विकायला ठेवली, यात हिशोब उघड आहे. भारतीय माणूस तेव्हा भारतीय व्हिस्की महागात विकत घेत नव्हता. साहेबाने नावाजली की घ्यायचा. बंगळुरूच्या अमृतनेही २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगोत सादर केली होती. फोंड्याला मॅकडॉवेल्सची सिंगल माल्ट अमृतच्याही आधी बनत होती, पण ती घरातच राहिली आणि आज कुणाच्या फारशी लक्षातही नाही.

सिंगल माल्ट म्हणजे दोन गोष्टी. एक, धान्य फक्त मोड आणून वाळवलेले जव. दोन, सगळी व्हिस्की एकाच डिस्टिलरीत बनलेली. ‘सिंगल’चा अर्थ एकच पिंप असा अनेकजण घेतात, तो चूक आहे. एका बाटलीत शेकडो पिंपांतली व्हिस्की असू शकते, फक्त ती सगळी त्याच डिस्टिलरीत गाळलेली हवी.

जव भिजवून त्यांना मोड आणायचे, कारण मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात आणि तीच पुढे पिठूळ भागाची साखर करतात. मोड ठरावीक टप्प्यावर आले की गरम हवेने वाळवून त्यांची वाढ थांबवायची. वाळवताना पीट जाळलं तर त्याचा धूर दाण्याच्या सालीवर बसतो, आणि तो वास शेवटच्या घोटापर्यंत साथ सोडत नाही. मग दळायचं, साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात घोळायचं, जो गोड काढा निघेल त्यात यीस्ट सोडायचं. दोन-तीन दिवसांत कडक बिअरइतका, म्हणजे सात-नऊ टक्के मद्यार्काचा आंबवलेला द्रव तयार होतो. केळ्याचा, नासपतीचा, पिकलेल्या फळाचा जो वास व्हिस्कीत येतो, त्याचा मोठा भाग इथे यीस्टने बनवलेल्या एस्टर नावाच्या संयुगांचा असतो. फळ त्यात कुठेच नसतं.

भारतातल्या बहुतेक सिंगल माल्टमध्ये सहा-ओळी जव वापरतात, म्हणजे कणसाच्या दांड्यावर दाण्यांच्या सहा ओळी असणारी जात. राजस्थान, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश या पट्ट्यात तिची शेती चालते. स्कॉटलंडमध्ये दोन-ओळी जव चालतात, त्यांचे दाणे टपोरे आणि पिठूळ असतात. सहा-ओळी दाणा बारीक. त्यात टरफल आणि प्रथिनं जास्त, पिठूळ भाग कमी. त्यामुळे एका टनामागे दारू कमी निघते. तोट्याचा सौदा वाटतो खरा, पण कुंकळ्ळीच्या व्हिस्कीला तोंडात जो तेलकट भरीवपणा जाणवतो, त्याचं श्रेय बनवणारे बरेचसे या दाण्याला देतात.

पुढचा टप्पा समजायला ज्याने एकदाही काजूची भट्टी पाहिली आहे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. तांब्याच्या भाणात आंबवलेला रस तापवायचा, वाफ थंड करून लावणीत, म्हणजे खालच्या भांड्यात, गोळा करायची. पहिल्या खेपेला मिळते ती हलकी उर्राक, पंधराएक टक्क्यांची. ती पुन्हा गाळली की फेणी, चाळिशीच्या पुढची. माल्ट व्हिस्कीतही हेच दोनदा करतात. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पहिल्या खेपेला वीस-पंचवीस टक्क्यांचा कच्चा अर्क मिळतो, दुसऱ्या खेपेला पासष्ट-सत्तर टक्क्यांचा. तांबं फक्त उष्णता चांगली पोहोचवतं म्हणून वापरत नाहीत. आंबवण्यात तयार होणारी गंधकाची संयुगं, उकडलेल्या कोबीचा वास देणारी, तांब्याला चिकटून राहतात आणि अर्क स्वच्छ होतो. स्टीलच्या भांड्यात तीच दारू काढली तर वास घेतल्यावर फरक कळतो.

दुसऱ्या खेपेत तीन भाग पडतात. सुरुवातीचा भाग उग्र आणि झोंबणारा, शेवटचा भाग जड आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा. मधला भाग तेवढा ठेवायचा. सुरी कुठे फिरवायची हा निर्णय डिस्टिलरचा, आणि तिथेच एका घराची दारू दुसऱ्यापासून वेगळी होऊ लागते. बाहेर पडतो तो पाण्यासारखा पारदर्शक अर्क. त्याला अजून व्हिस्की म्हणत नाहीत.

फेणी आणि व्हिस्की यांची वाट इथे फुटते. फेणी सहसा काचेच्या मोठ्या बाटल्यांत मुरते, लाकडाशी तिचा फारसा संबंध येत नाही. व्हिस्कीला लाकूड लागतंच. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच भरावी लागते, म्हणून एकदा वापरलेली पिंपं तिथे बिनकामाची होतात आणि सगळ्या जगाला विकली जातात. सुमारे २०० लिटरचं हे पिंप कुंकळ्ळीच्या गोदामात येऊन पडतं.

ओकमधल्या लिग्निनचं विघटन होऊन व्हॅनिलिन मिळतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास. लाकडातल्या साखरा जळून कॅरॅमल, टॉफीची चव. आणि ओक लॅक्टोन नावाच्या रसायनातून येतो नारळाचा वास. गोव्याच्या व्हिस्कीत खोबऱ्याची झाक लागली की पर्यटक लगेच माडांकडे बोट दाखवतात. ती झाक अमेरिकी ओकच्या लाकडाची आहे. समुद्राच्या वाऱ्यामुळे व्हिस्कीत खारटपणा उतरतो हा दावाही मला पटलेला नाही; हवेतलं मीठ ओकच्या फळ्या ओलांडून जिभेला कळण्याइतकं आत जाईल, हे जाहिरातीत वाचायला बरं वाटतं इतकंच.

मग हवा करते काय?

लाकडी पिंप हवाबंद नसतं. त्यातून पाणी आणि मद्यार्क दोन्ही हळूहळू उडत राहतात. या घटीला व्हिस्कीवाले ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड गोदामात ती वर्षाला सुमारे २ टक्के असते. गोव्यात सुमारे ८ टक्के धरली जाते, बंगळुरूत त्याहूनही जास्त. आकडा छोटा वाटतो, पण चक्रवाढीने मांडून पाहा. २०० लिटरचं पिंप स्कॉटलंडमध्ये बारा वर्षं ठेवलं तर साधारण १५७ लिटर उरतात. तेच पिंप कुंकळ्ळीत पाच वर्षं ठेवलं तर १३२. म्हणजे इथल्या पाच वर्षांत तिथल्या बारा वर्षांपेक्षा जास्त माल उडाला. कुणी हौसेने गोव्यात बारा वर्षं ठेवायचं म्हटलं, तर हाती लागतील जेमतेम ७४ लिटर. भारतीय सिंगल माल्टच्या बाटलीवर बहुधा वयाचा आकडा का नसतो, याचं अर्धं उत्तर या गणितात आहे. उरलेलं अर्धं असं की ‘पाच वर्षं’ असं लिहिलं तर बारा आणि अठराच्या आकड्यांना सरावलेलं गिऱ्हाईक बाटली खाली ठेवतं.

हवा फक्त नेत नाही, देतेही. उष्णतेने अर्क फुगतो, लाकडाच्या छिद्रांत खोल शिरतो, थोडं थंड झालं की मागे सरकतो. लाकडातला रंग, टॅनिन, व्हॅनिलिन गरम हवेत फार वेगाने सुटतात. म्हणून गोव्याची तीन-चार वर्षांची व्हिस्की रंगाने गडद आणि चवीने भरदार असते. आर्द्रतेचाही भाग आहे. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि दारू तीव्र होत जाते; दमट हवेत पाण्याला उडायला जागा कमी, म्हणून मद्यार्क तुलनेने जास्त उडतो आणि तीव्रता खाली येण्याकडे कल असतो. जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस न वाळणाऱ्या प्रदेशात ही गोष्ट मुद्दाम पटवून द्यावी लागू नये.

इथे एक सावधगिरीचा इशारा. ‘गोव्याचं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची तीन-चार वर्षं’ असं सर्रास सांगितलं जातं. लाकडातून चव उतरण्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. पण पिंपात आणखीही काही घडत असतं. हवेतला ऑक्सिजन संथपणे आत येतो, आम्लं आणि मद्यार्क यांच्यातून नवे एस्टर बनतात, कच्च्या अर्काची धार बोथट होते. ही कामं तापमान वाढवलं म्हणून त्याच पटीत वेगाने होतातच असं नाही. त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या काही व्हिस्क्या रंगाने म्हाताऱ्या आणि स्वभावाने तरुण लागतात: लाकूड भरपूर, पण मागून कच्च्या धान्याची ऊब डोकावते. हे वैगुण्य आहे असं मी म्हणणार नाही. तिची तुलना अठरा वर्षांच्या स्कॉचशी करायला गेलं की मात्र दोघींवरही अन्याय होतो. पिंप वेळेत उघडणं ही इथली खरी कसोटी. स्कॉटलंडमध्ये वर्षभर उशीर झाला तर फारसं बिघडत नाही, गोव्यात त्या वर्षात व्हिस्की कडवट, लाकूडचघळी होऊ शकते.

आता लेबलावरच्या दोन गोष्टी, कारण त्या कळल्याशिवाय चव घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असतं. हा विचित्र आकडा दारूची तीव्रता मोजायच्या ब्रिटिशांच्या जुन्या प्रूफ पद्धतीतून आला. तिच्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, आणि भारतात चालते ती ७५ प्रूफ, म्हणून ४२.८. लेबलावर ‘२५ यू.पी.’ असतं ते हेच, प्रूफच्या पंचवीस अंश खाली. पॉल जॉनच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तिन्ही बाटल्या मात्र ४६ टक्क्यांच्या आहेत आणि त्यालाही कारण आहे. तीव्रता साधारण ४६ च्या खाली आणली की थंडीत किंवा बर्फ टाकल्यावर व्हिस्कीतले तेलकट एस्टर गढूळ दिसू लागतात. गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणून कंपन्या व्हिस्की गार करून ते गाळून टाकतात. त्यासोबत थोडी चव आणि तोंडातला भरीवपणाही जातो. ४६ ला हा उद्योग करावा लागत नाही. थेट पिंपाच्या तीव्रतेच्या बाटल्या निघतात त्या ५५ टक्क्यांच्या आसपास.

चव घ्यायला ट्युलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता ग्लास चांगला, कारण वास वर येऊन एका जागी जमतो. नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालेल. रुंद तोंडाच्या नेहमीच्या ग्लासात वास विखरून जातो. तीस मिली पुरे. बर्फ आणि सोडा पहिल्या अर्ध्या तासासाठी बाजूला. चखणाही बाजूला, विशेषतः बालचांव किंवा तळलेला बांगडा; व्हिनेगर आणि मिरचीनंतर जिभेला कुठलीच व्हिस्की कळत नाही. जेवणाआधी, तोंड स्वच्छ असताना घ्यावी.

नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून थोड्या अंतरावरून वास घ्या, म्हणजे मद्यार्काचा झोंबा कमी लागतो. ब्रिलियन्समध्ये पीट नाही, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करावी. मध, व्हॅनिला, भाजलेलं धान्य, थोडा मसाला असं काहीतरी सापडेल. न सापडलं तर बाटलीवर लिहिलंय म्हणून सापडल्यासारखं करू नका. वर्णनाच्या यादीत ‘हीदर’ आणि ‘मार्मलेड’ वाचून गांगरलेले अनेक मराठी लोक मी पाहिलेत. ज्या गोष्टीचा वास आयुष्यात घेतला नाही ती ग्लासात कशी ओळखणार? आपल्या शब्दांत सांगावं. काकवी, खजूर, सुकं खोबरं, जायफळ, चुलीजवळच्या भिंतीचा वास, शेणाने सारवलेली पडवी, काहीही चालतं.

पहिला घोट छोटा घ्या आणि तो मोजू नका. त्याचं काम जिभेला सावध करणं एवढंच. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवून काही क्षण थांबवा. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. बऱ्याच चवी खरं तर या परतीच्या वाटेने येणारे वास असतात.

मग पाणी. पाणी घातलं की व्हिस्की ‘बिघडते’ असं मानणारा एक कडवा पंथ आहे. त्यांना मनावर घेऊ नका. पीटच्या धुरातून येणारा ग्वायकॉल हा रेणू पाण्याशी फारसा रमत नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूप वापरून दाखवलं की तीव्रता कमी केल्यावर हे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात, आणि तीव्रता फार जास्त असेल तर आत दडून राहतात. म्हणजे पाण्याने वास वर येतो. किती घालायचं याचा हिशोब सोपा आहे: ४६ टक्क्यांच्या तीस मिलीत दोन लहान चमचे पाणी घातलं की ती पस्तीसच्या आसपास येते. आधी काही थेंब, मग अर्धा चमचा, दर वेळी पुन्हा वास. एखाद्या टप्प्यावर व्हिस्की उघडते आणि त्याच्या पुढे पांचट होते. तो टप्पा प्रत्येक बाटलीचा वेगळा.

ब्रिलियन्सनंतर एडिटेड घ्या, तिच्यात धूर जेमतेम आहे. शेवटी बोल्ड, तिला स्कॉटलंडच्या आयला बेटावरचं पीट वापरतात. उलट क्रमाने गेलात तर बोल्डच्या धुरापुढे ब्रिलियन्स पाणचट वाटेल. आणि एक लक्षात असू द्या, पीटच्या तीव्रतेचा जो ‘पीपीएम’ (दहा लाखांत किती भाग) आकडा सांगितला जातो तो बहुतेक वेळा वाळवलेल्या जवांचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. ऊर्ध्वपातनात आणि पिंपात त्यातला बराच भाग गळतो.

हवेचा मुद्दा स्वतः तपासायचा असेल तर तुलनेला महागडी स्कॉच घेऊ नका. महाराष्ट्रातल्याच दोन जागा आहेत. नाशिकच्या दिंडोरीत पेर्नो रिकार लाँजिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट बनवते, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर साऊथ सीज डिस्टिलरीज क्रेझी कॉक. एक जागा घाटावरची, हिवाळ्यात बऱ्यापैकी गारठणारी. दुसरी कुंकळ्ळीसारखीच दमट. पिंपं आणि कृती वेगवेगळ्या असल्याने हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे. पण तीन ग्लास शेजारी ठेवले की एकेकट्या प्यायल्यावर न कळणारे फरक कळतात.

कुंकळ्ळीत डिस्टिलरी पाहायला येणाऱ्यांसाठी सोय आहे. भेटीत गोदामात मिळाला तेवढा वेळ काढावा, कारण तिथल्या हवेतच तो उडालेला आठ टक्क्यांचा वाटा नाकाला लागतो. वयाची अट गोव्यात २१ आहे. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५. आणि ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेल्या स्वस्त बाटल्या गाडीत भरून बांद्याचा नाका ओलांडायचा विचार असेल तर तो सोडा. उत्पादन शुल्कवाले गाडी उघडून बघतात.

घरी आणलेली बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्क बूच खातो. उन्हात ठेवू नका. काचेत गेल्यावर व्हिस्कीचं वय वाढत नाही, त्यामुळे पाच वर्षं कपाटात सांभाळून ती अधिक मुरणार नाही. उलट अर्ध्याहून खाली आलेल्या बाटलीत हवा जास्त आणि दारू कमी असते, आणि काही महिन्यांत चव उतरायला लागते. तेवढी उरली की एका लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, नाहीतर चार माणसं बोलवा.